पंप, नोझल आणि लालबागचा धूर

#धागा

काही दिवसांपूर्वी एका तरुण वाचकमित्राने प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांचा जुना टाटा-मर्सिडीज ट्रक गावी गोठ्याशेजारी कित्येक वर्षे उभा आहे आणि तो पुन्हा रस्त्यावर आणावा, अशी त्याची इच्छा आहे. इंजिनाचा ठोकळा शाबूत आहे. बिघडली आहे ती डिझेल पोहोचवणारी यंत्रणा. तीन मिस्त्री पाहून गेले आणि तिघांनी तीन सल्ले दिले. पहिला म्हणाला, मूळचा लाइन पंपच नीट करून घ्या. दुसरा म्हणाला, ती जुनी भानगड काढून टाका, दुसऱ्या इंजिनाचा रोटरी पंप बसवा. तिसरा म्हणाला, आता डिझेल कोण जाळतो, सीएनजी करून टाका.

वरवर पाहता हा गॅरेजातला प्रश्न आहे. परंतु हे तीन सल्ले म्हणजे मोटारवाहतुकीच्या इतिहासातले तीन कालखंड आहेत आणि त्या तिन्हींचा मुंबईच्या गिरणगावाशी फार जवळचा संबंध आहे. म्हणून हा धागा. थोडा लांबला आहे, सवडीने वाचावा.

प्रथम मूळ अडचण समजून घेऊ. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल आधीच मिसळून आत जातात व ठिणगीने पेटतात. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. केवळ हवा आत घेऊन ती इतकी दाबतात की ती स्वतःच तापते, आणि त्या तापलेल्या हवेत नेमक्या क्षणी डिझेलचा फवारा सोडतात. म्हणजे ज्या जागेत आधीच प्रचंड दाब आहे, तिथे त्याहून अधिक दाबाने इंधन घुसवायचे; तेही मोजून, वेळ साधून. सारी मेख इथे आहे.

रुडॉल्फ डिझेलला ही मेख पुरती सोडवता आली नव्हती. १८९७ साली त्याचे इंजिन यशस्वी ठरले. इंधनातल्या उष्णतेपैकी सुमारे २६ टक्के कामात उतरवण्याची त्याची करामत त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना लाजवणारी होती. परंतु त्यात इंधन आत ढकलले जाई ते दाबलेल्या हवेच्या झोताने, आणि त्यासाठी वेगळा अवजड कॉम्प्रेसर लागे. कारखान्यात वा जहाजावर ते खपले. ट्रकवर असे धूड चढवणार कोण?

उत्तर आले ते जर्मनीतील श्टुटगार्टहून. रॉबर्ट बॉश हा तोवर मॅग्नेटो, म्हणजे ठिणगी पाडणारे यंत्र, बनवण्याबद्दल प्रसिद्ध होता. ठिणगीवर मोठा झालेल्या या माणसाने १९२२ साली ठिणगी न लागणाऱ्या इंजिनासाठी पंप बनवण्याचा निर्णय घेतला, आणि १९२७ पासून त्याच्या कारखान्यातून डिझेल-पंप मोठ्या संख्येने बाहेर पडू लागले. आपल्याकडचे मिस्त्री ज्याला 'लाइन पंप' म्हणतात, तो हाच.

त्याची रचना पाहण्यासारखी आहे. इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरसाठी एक बारीक दट्ट्या, म्हणजे प्लंजर. असे सहा प्लंजर एका रांगेत. खाली फिरणारा कॅम त्यांना पाळीपाळीने वर ढकलतो. प्लंजरच्या अंगावर तिरपी खाच कोरलेली असते. रॅक नावाची दातेरी पट्टी सरकली की प्लंजर किंचित फिरतो, खाचेची जागा बदलते आणि त्या धक्क्याला किती डिझेल जाणार हे ठरते. चालकाचा पाय आणि गव्हर्नर हे दोघे मिळून ती पट्टी हलवतात. प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांच्यातील फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. त्यामुळे ही जोडी एकमेकांतच घासून जुळवलेली असते; एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या नळकांड्यात चालत नाही.

थोडे गणित करून पाहा. इंजिन मिनिटाला २४०० फेरे घेत असेल, तर चार धावांच्या चक्रात प्रत्येक सिलिंडरला मिनिटाला १२०० वेळा, म्हणजे सेकंदाला २० वेळा डिझेल द्यावे लागते. सहा सिलिंडरांचे मिळून सेकंदाला १२० फवारे, आणि प्रत्येक फवारा काही थेंबांचाच. घड्याळजीच्या कसबाचे हे यंत्र आपण खड्ड्यांच्या रस्त्यावर, दहा टन ओझ्याखाली वर्षानुवर्षे पळवले.

आता मुंबईकडे येऊ.

१९२८ साली जनरल मोटर्सने शिवडीला मोटारजुळणीचा कारखाना काढला. परळ-लालबागच्या पूर्वेला, गोदीच्या अंगाला. सुटे भाग जहाजाने येत, इथे जोडले जात, आणि शेवरोले गाड्या व ट्रक देशभर जात. हे सारे ट्रक पेट्रोलवर चालणारे. कार्ब्युरेटर, एक साधा पेट्रोल पंप आणि ठिणगी, एवढाच त्यांचा इंधनसंसार. तो बिघडला तर रस्त्याकडेला बसून चालकच दुरुस्त करी.

पुढे दुसरे महायुद्ध आले, पेट्रोलचे रेशनिंग आले, आणि जुन्या इंजिनाला नवे इंधन पाजण्याचा पहिला मोठा प्रयोग आपल्याकडे घडला. गाडीच्या मागे उभी लोखंडी भट्टी बसवायची, तीत लाकडी कोळसा धुमसवायचा, आणि निघणारा वायू गाळून इंजिनाला द्यायचा. महाराष्ट्रातील जुनी माणसे 'कोळशावरची गाडी' म्हणून जिची आठवण सांगत, ती हीच. ताकद कमी पडे, चढावर उतारूंना उतरावे लागे, सकाळी भट्टी पेटवण्यातच वेळ जाई. युद्ध संपताच लोकांनी ती काढून टाकली. इंधनाची सक्ती सरली की सोयच जिंकते, हा अनुभव पुढेही येणार होता.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला १९४७ पासून क्रायस्लर घराण्याच्या गाड्या व ट्रक जोडायला घेतले होते. १९५४ हे वर्ष विशेष ध्यानात ठेवावे. त्या वर्षी देशात केवळ जुळणी नव्हे तर उत्पादन हवे, या सरकारी धोरणामुळे शिवडीचा जनरल मोटर्सचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी टाटांनी जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला डिझेल ट्रक बनवण्यास प्रारंभ केला. आणि त्याच वर्षी तुर्भ्याला, म्हणजे मुंबईच्या ट्रॉम्बे भागात, स्टॅनव्हॅकची तेलशुद्धी सुरू झाली. पाठोपाठ १९५५ साली बर्मा-शेलची. पेट्रोल ट्रकचा कारखाना मिटला, डिझेल ट्रकचा उघडला आणि डिझेल गाळण्याची भट्टी दाराशी पेटली. इतिहासात इतके जुळलेले वर्ष क्वचित सापडते.

मधल्या काळात हजारो पेट्रोल ट्रक रस्त्यावर होतेच. त्यांचे काय करायचे? मालकांनी ठोकळाच बदलला. पेट्रोल इंजिन उतरवून त्या जागी इंग्लंडच्या पर्किन्स कंपनीचे सहा सिलिंडरांचे पी-६ डिझेल इंजिन चढवायचे. पुढे मद्रासच्या सिम्पसन कंपनीने पर्किन्सची इंजिने इथेच बनवली. डिझेल स्वस्त, एका लिटरमध्ये अंतर जास्त, आणि ओझे ओढण्याची ताकद उत्तम. व्यापाऱ्याला आणखी काय हवे?

परंतु या बदलाची एक किंमत होती. कार्ब्युरेटर रस्त्याकडेला उघडता येई; लाइन पंप नाही. त्यासाठी स्वच्छ खोली हवी, सहाही प्लंजर सारखेच डिझेल देतात की नाही हे नळ्यांत मोजून पाहणारे चाचणीयंत्र हवे, आणि शिकलेला हात हवा. अशा रीतीने आपल्याकडे एक नवा कारागीर जन्माला आला: पंप-नोझलवाला. गिरगावच्या टोकाला ऑपेरा हाउस आणि लॅमिंग्टन रोडच्या पट्ट्यात मोटारींच्या सुट्या भागांची पेठ वसली होती. नाटक-सिनेमाच्या थिएटरांच्या सावलीत पिस्टन, रिंगा, बेअरिंगे आणि 'मायको'ची प्लंजर-जोडी मागायला मुंबईभरचे मिस्त्री येत. मायको म्हणजे मोटर इंडस्ट्रीज कंपनी. बॉशच्या सहकार्याने १९५१ साली बंगळूरला स्थापन झालेली ही कंपनी पुढे नाशिकच्या सातपुरातही नोझल बनवू लागली. नाशिकच्या औद्योगिक वाढीची कथा सांगताना या नोझलच्या कारखान्याचे नाव हमखास येते.

आता धुराकडे वळू, कारण त्यावाचून पुढचे काही उलगडणार नाही.

काळा धूर म्हणजे न जळलेला कोळसा. हवा जेवढी आहे त्याहून जास्त डिझेल आत गेले की ते पुरते जळत नाही. पंपावर जास्तीत जास्त इंधनाची मर्यादा बांधणारा एक स्क्रू असतो आणि कारखान्यातून तो सील करून येतो. सील तोडून तो स्क्रू थोडा फिरवला की ट्रक जास्त ओझे ओढतो, आणि काळे ओकतो. नोझल झिजले, फवारा सुटण्याऐवजी थेंब पडू लागले, तरी हाच परिणाम. ट्रकच्या मागे दिसणारा काळा लोट हा बहुतेक वेळा यंत्राचा मूळ दोष नसून माणसाचा निर्णय असतो: एक तर लोभाचा, नाही तर दुर्लक्षाचा. बॉशच्या पंपावर धुराचे सगळे पाप टाकणाऱ्यांशी मी म्हणूनच सहमत नाही.

लालबाग-परळची हवा मात्र केवळ ट्रकांनी बिघडवलेली नव्हती. गिरण्यांच्या चिमण्या होत्या, त्यांचे बॉयलर होते. परळच्या केईएम रुग्णालयातील डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात एक महत्त्वाचा अभ्यास केला. लालबाग, चेंबूर, खार आणि तुलनेसाठी एक खेडे, अशा चार ठिकाणच्या रहिवाशांची प्रकृती हवेच्या मोजमापाशी ताडून पाहिली. गंधकाचा धूर जिथे जास्त, तिथे खोकला, दम लागणे, वारंवार होणारी सर्दी यांचे प्रमाणही जास्त, असे त्यातून दिसले. लालबाग या यादीत चांगल्या अर्थाने आलेले नव्हते. आपल्याच रुग्णालयाच्या खिडकीतून दिसणाऱ्या चाळींचा असा पद्धतशीर अभ्यास व्हावा, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि चिमण्या एकामागून एक थंडावल्या. हवा स्वच्छ व्हायला हवी होती. पण आंबेडकर रोडवरची वाहने वाढतच गेली आणि चिमणीचा धूर उंचावरून रस्त्यावर, माणसाच्या नाकासमोर आला.

दरम्यान समुद्रात वेगळेच काही घडले होते. फेब्रुवारी १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजावरून बॉम्बे हायचे तेल सापडले आणि १९७६ साली उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही आला. १९९५ साली महानगर गॅस ही कंपनी स्थापन झाली आणि तो वायू नळाने मुंबईच्या स्वयंपाकघरांत व पंपांवर पोहोचू लागला. तिसऱ्या मिस्त्र्याच्या सल्ल्याचे मूळ इथे आहे.

मग न्यायालये आली. दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने जुलै १९९८ मध्ये संपूर्ण बसताफा सीएनजीवर नेण्याचा आदेश दिला. मुंबईत 'स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम' या नागरिकांच्या संस्थेने १९९९ साली उच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्या अहवालानंतर, ऑक्टोबर २००१ मध्ये, जुन्या व्यावसायिक वाहनांना वयाची अट घालण्यात आली: स्वच्छ इंधनावर या, नाही तर मुंबईचा रस्ता सोडा.

काळ्या-पिवळ्या टॅक्सीला हे जमण्यासारखे होते. ती दिवसभर शहरातच फिरते, गॅसचा पंप कुठे आहे हे तिला ठाऊक असते. रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागे, चालकांची कुरकुर रास्त होती. पण सीएनजी स्वस्त पडे आणि गाडी चालत राही. बेस्टच्या बसचेही तसेच: आगार ठरलेले, मार्ग ठरलेला. ट्रकचे तसे नव्हते. आज कॉटन ग्रीनला, उद्या जालन्याला, परवा इंदूरला. त्या काळी मुंबई सोडली की सीएनजीचा पंप कुठे मिळणार?

यंत्राच्या दृष्टीनेही अडचण होती. डिझेल दाबलेल्या गरम हवेत सुमारे २१० अंशांच्या पुढे आपोआप पेटते. नैसर्गिक वायूला त्यासाठी ५०० अंशांहून अधिक तापमान लागते. म्हणून डिझेल इंजिन गॅसवर न्यायचे, तर नोझलच्या जागी ठिणगीचे प्लग बसवावे लागतात, पिस्टनचा माथा कोरून दाबाचे गुणोत्तर उतरवावे लागते, आणि लाइन पंप काढून तिथे ठिणगी वाटणारी यंत्रणा जोडावी लागते. थोडक्यात, रुडॉल्फ डिझेलने जे काढून टाकले ते सारे परत आणायचे. वर २०० बार दाबाच्या जाड टाक्यांचे ओझे. दुसरा मार्ग दोन्ही इंधनांचा: वायू हवेबरोबर आत घ्यायचा आणि पेटवण्यापुरता डिझेलचा छोटा फवारा पंपाने द्यायचा. कारखान्यांतल्या जनित्रांसाठी तो उत्तम. ट्रकचा वेग व ओझे मात्र क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे दोन्हींचे प्रमाण सांभाळणे जुन्या यांत्रिक पंपाला जड जाते.

परिणामी पुष्कळ जुन्या ट्रकांनी तिसराच मार्ग घेतला. ते मुंबईबाहेर विकले गेले. जिथे वयाची अट नव्हती, त्या जिल्ह्यांच्या रस्त्यांवर त्यांनी आणखी काही वर्षे काढली. लालबागचा खोकला काहीसा कमी झाला असेल, पण तो धूर कोणाच्या तरी शिवाराच्या कडेने गेलाच. शहराच्या बाजूने लिहिलेल्या इतिहासात हे वाक्य सहसा गाळले जाते.

आता उरला दुसऱ्या मिस्त्र्याचा रोटरी पंप. अमेरिकेत व्हर्नन रूझाने विकसित केलेली ही कल्पना इंग्लंडच्या सीएव्ही कंपनीने पन्नासच्या दशकात परवान्याने घेतली. सहा प्लंजरांऐवजी एकच पंपाचा भाग, आणि फिरता रोटर त्याचे डिझेल पाळीपाळीने सर्व सिलिंडरांना वाटतो. लहान, हलका, स्वस्त. ट्रॅक्टरांनी तो उचलून धरला. पर्किन्सच्या पुढच्या इंजिनांवरही तोच आला. परंतु एक भेद लक्षात ठेवावा. लाइन पंपाचा कॅम व खालचा भाग इंजिन ऑइलमध्ये चालतो. रोटरी पंप मात्र अंतर्बाह्य डिझेलवरच वंगण घेतो. डिझेलमध्ये पाणी वा कचरा आला, किंवा डिझेलच कोरडे झाले, की त्याचे आयुष्य घटते.

आणि डिझेल खरोखरच कोरडे झाले. नव्वदच्या दशकाच्या आरंभी आपल्याकडे डिझेलमध्ये वजनाने एक टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. २००१ पासून मुंबईत ते ०.०५ टक्क्यांवर आले, २०१० मध्ये ५० पीपीएम आणि २०२० पासून देशभर १० पीपीएम. तीस वर्षांत हजारपट घट. फुप्फुसांसाठी ही फार मोठी सुधारणा आहे. परंतु शुद्धीकरणात गंधकाबरोबर डिझेलचा नैसर्गिक वंगणगुणही जातो. स्वीडनमध्ये नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला असे स्वच्छ डिझेल आले तेव्हा पंप झिजून बंद पडू लागले, आणि अमेरिकेत १९९३ साली जुन्या पंपांची रबरी सीले आखडून गळती सुरू झाली. तेव्हापासून डिझेलमध्ये वंगणद्रव्य मिसळणे आणि त्याची चाचणी घेणे प्रमाणित झाले. आपल्या मानकातही ती अट आहे.

तेव्हा वाचकमित्रा, माझे मत असे. त्या काळच्या टाटा-मर्सिडीजच्या इंजिनात डिझेल थेट सिलिंडरात न जाता आधी एका लहान कप्प्यात पेटते. त्याला नोझलचा दाब तुलनेने कमी लागतो आणि मूळचा लाइन पंप त्यासाठीच बांधलेला आहे. तोच ठेव. चांगल्या पंप-नोझलवाल्याकडे नेऊन सहाही प्लंजर चाचणीयंत्रावर जुळवून घे, जुनी रबरी सीले आजच्या डिझेलला चालतील अशी नवी बसव, पाणी अडवणारा फिल्टर लाव, आणि टाकी आतून गंजली असेल तर आधी ती साफ कर. नाही तर नवा पंपही महिन्याभरात जाईल. पहिल्यांदा सुरू करताना नळीतली हवा नीट काढ. इंधनमर्यादेच्या त्या स्क्रूला सील लावून घे, आणि कोणी 'थोडा सोडू का, ताकद येईल' म्हणाला, तर नको म्हण.

रोटरीसाठी टायमिंगच्या गिअरपासून कंस-पट्ट्यांपर्यंत सगळे नवे घडवावे लागेल, आणि मिळेल तो अधिक नाजूक पंप. सीएनजीसाठी इंजिनाचे डोके व पिस्टन कायमचे बदलावे लागतील. मग तो आजोबांचा ट्रक उरणार नाही. अर्थात गाडीची नोंदणी, वय आणि प्रदूषण तपासणी यांचे नियम आधी परिवहन कार्यालयात विचारून घे. डिझेल गाडीच्या धुराला जुन्या नियमाने ६५ हार्ट्रिज एककांची मर्यादा आहे. नीट जुळवलेला लाइन पंप असेल तर ती पाळणे जमण्यासारखे आहे.

पंप उघडशील तेव्हा त्याच्या अंगावरची पितळी पट्टी पुसून तिचा फोटो पाठव. तीवर बॉश लिहिले आहे की मायको, यावरून पंप जर्मनीहून आला की बंगळूरहून, याचा बराचसा अंदाज बांधता येईल.